बुखारीतले लाकूड आणि लाकडातली कीड

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ सुरू होतो. चाळीस दिवसांचा हा कडक थंडीचा काळ जानेवारीच्या अखेरीस संपतो. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. या सत्तर दिवसांत घरातील निदान एक खोली उबदार ठेवणे हा कौटुंबिक व्यवस्थेतील मुख्य खर्च आणि मुख्य काळजी असते. त्यासाठी काश्मीर आणि लडाखमध्ये पत्र्याची बुखारी वापरतात. हिमाचल प्रदेशाच्या वरच्या पट्ट्यात अशाच उपकरणाला तंदूर म्हणतात. रोटी भाजण्याच्या तंदुराशी त्याचे साम्य नावापुरतेच. लोखंडी पत्र्याचे पिंप किंवा पेटी, लाकूड घालण्यासाठी झाकण वा दार, तळाशी हवा घेण्यासाठी आणि राख काढण्यासाठी छोटे दार, वर छपराबाहेर जाणारे पत्र्याचे धुराडे आणि त्या धुराड्यात एक झडप, एवढीच ही रचना असते.

महाराष्ट्रातील वाचकांनी यासाठी आपला पाणी तापवण्याचा बंब आठवावा. बंबाच्या पोटातून जाणाऱ्या नळीत एकदा चांगली धग धरली की धूर वर ओढला जातो आणि खालून हवा आपोआप आत येते. बुखारी याच ओढीवर चालते. फरक इतकाच की बंब मोरीत किंवा अंगणात असतो आणि तासाभरात विझतो, तर बुखारी बंद खोलीत माणसांच्या उशापायथ्याशी दिवसाचे दहा-बारा तास जळत असते. श्रीनगरची केंद्रीय समशीतोष्ण बागवानी संस्था, अल्मोड्याची विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्था किंवा शिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणी आणि डोंगराळ भागातील कृषी विज्ञान केंद्रांवर आपल्याकडील अनेक शास्त्रज्ञ व विद्यार्थी रुजू होतात. त्यांच्यापैकी कित्येकांची लाकडाच्या शेगडीशी पहिली ओळख तेथेच होते.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयावर लिहिण्याचे कारण आहे. सफरचंदाच्या पट्ट्यात बुखारीत जळणारे लाकूड बऱ्याच अंशी बागेतूनच येते. हिवाळी छाटणीच्या फांद्या, वठलेली झाडे, नव्या सघन लागवडीसाठी उपटलेली जुनी खोडे, बांधावरचे पॉप्लर आणि विलो हे त्या घराचे सरपण. खोड पोखरणाऱ्या किडींचे घरही तेच असते. आम्ही पीकसंरक्षणाचे लोक शेतकऱ्याला सांगतो की किडलेल्या फांद्या छाटून लगेच जाळा. बुखारी जाणणारा मनुष्य सांगतो की ओले लाकूड कधीही जाळू नका, आधी वर्षभर वाळवा. शेतकरी दोघांचे ऐकतो, फांद्या बागेच्या कडेला थप्पी लावून ठेवतो, आणि वसंत ऋतूत त्या थप्पीतून भुंगेरे बाहेर पडून पुन्हा बागेत जातात. हे दोन्ही सल्ले एकाच थप्पीपाशी कसे जुळवायचे, हा या लेखाचा खरा विषय आहे. मात्र त्याआधी आग कशी जळते हे पाहिले पाहिजे.

ज्वाला कशाची असते

लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण डोळ्यांना दिसणारी ज्वाला लाकडातून निघालेल्या वायूंची असते. लाकूड सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे विघटन होऊ लागते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग अशा रीतीने वायुरूप होतो आणि उरतो तो कोळसा. हे वायू पूर्णपणे जळावेत यासाठी साधारण ६०० अंशांहून अधिक तापमान, पुरेशी हवा आणि त्या दोहोंच्या मिश्रणाला थोडा अवकाश लागतो. यांपैकी एक जरी उणे पडले तरी वायू न जळता धुराड्यात जातात. आपण ज्याला धूर म्हणतो, तो बव्हंशी पैसे देऊन आणलेले आणि न जळलेले इंधन असतो.

ओल्या लाकडाबद्दल एक गैरसमज येथे दूर करायला हवा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात ४० ते ५० टक्के पाणी असते. निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे १,९०० किलोकॅलरी उष्णता मिळू शकते, तर २० टक्के ओलावा असलेल्या एक किलो लाकडातून सुमारे ३,४००. हा फरक पाहून वाटते की सगळी उष्णता पाणी उकळण्यातच गेली. हिशेब केला तर तसे नाही. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे कोरड्या पदार्थाच्या मानाने पाहता पाण्यापायी जाणारी उष्णता जेमतेम सातवा-आठवा हिस्सा भरते. उरलेला फरक हा वजनात लाकडाऐवजी पाणीच अधिक असल्यामुळे दिसतो. खरे नुकसान वेगळेच आहे. पाणी निघून जाईपर्यंत लाकडाचे तापमान १०० अंशांच्या आसपास अडून राहते, वाफेमुळे ज्वाला थंड होते, आणि निघालेले वायू पेटण्याइतकी धग बुखारीत तयारच होत नाही. ओल्या लाकडाची आग पाण्यामुळे जितकी गमावते, त्याहून कितीतरी अधिक ती धुरातून गमावते.

आग नीट जळते की नाही हे बाहेर अंगणात जाऊन पाहावे. पेटवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी धुराड्याच्या तोंडाशी जवळजवळ काहीच दिसता कामा नये. कडाक्याच्या थंडीत पांढरी वाफ दिसते, पण ती हातभर अंतरावर विरून जाते. निळसर राखाडी धूर लांबवर तरंगत राहिला तर लाकूड ओले आहे किंवा हवा कोंडली गेली आहे असे समजावे.

पेटवण्याची एक रीत अशा ठिकाणी फार उपयोगी पडते. जाड फोडलेली लाकडे तळाशी, त्यावर मनगटाएवढी, त्यावर अंगठ्याएवढ्या काटक्या, आणि सर्वांत वर बारीक चिपाट्या रचून आग वरून लावावी. आपल्या चुलीच्या सवयीला हे उलटे वाटते. पण आग हळूहळू खाली उतरते तेव्हा खालच्या लाकडातून निघणारे वायू वरच्या ज्वालेतूनच जातात आणि तेथे जळून जातात. शिवाय धुराडे लवकर तापते आणि ओढ लवकर धरते. रॉकेल, पेट्रोल किंवा सॅनिटायझर ओतून आग पेटवणे प्राणघातक ठरू शकते. निखारे शिल्लक असलेल्या बुखारीत तर त्यांचा भडका तोंडावर येतो.

रात्रीची झडप

बुखारीचा पत्रा पातळ असतो. ती पाच मिनिटांत तापते आणि आग विझली की अर्ध्या तासात गार पडते. त्यामुळे झोपण्यापूर्वी बुखारी लाकडांनी ठासून भरायची, खालचे दार लावायचे, धुराड्यातली झडप जवळपास बंद करायची आणि आग रात्रभर धुमसत ठेवायची, अशी सवय घराघरांत दिसते. लाकूड वाचले असे त्यात वाटते. प्रत्यक्षात ही बुखारी चालवण्याची सर्वांत उधळी आणि सर्वांत धोकादायक पद्धत आहे.

धुमसणाऱ्या आगीतून निघालेले वायू थंड धुराड्याच्या आतल्या बाजूस निवतात. धुराड्याच्या पत्र्याचे तापमान साधारण १२० अंशांच्या खाली गेले की डांबरासारखा काळा चिकट थर जमू लागतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. रेल्वेच्या लाकडी स्लीपरना वाळवीपासून वाचवण्यासाठी जे क्रिओसोट वापरत, ते दगडी कोळशापासून केलेले; हे त्याचेच लाकडी भावंड. हा थर ज्वालाग्राही असतो. एखाद्या दिवशी भरपूर धग झाली की तो पेट घेतो, धुराड्यातून मोठा घरघराट येऊ लागतो, पाइप लालबुंद होतो आणि आतील तापमान १,००० अंशांपर्यंत पोहोचू शकते. देवदाराच्या तुळया आणि लाकडी छत असलेल्या घरात यानंतर काय होते ते सांगावयास नको. अशा वेळी बुखारीची हवेची दारे ताबडतोब बंद करावीत, सर्वांनी बाहेर पडावे आणि ११२ वर दूरध्वनी करावा. तापलेल्या पत्र्यावर पाणी ओतू नये.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. ज्वाला विझून लाल निखारे उरतात तेव्हा धूर नसतो, खोली प्रसन्न वाटते, आणि नेमका त्याच अवस्थेत हा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. झडप बंद असली की तो धुराड्यातून बाहेर न जाता खोलीत उतरतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. घरातील दोघा-तिघांना एकाच वेळी असे वाटू लागले तर ते अन्नातून झाले असावे असा तर्क करत बसू नये. दारे-खिडक्या उघडून सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे आणि रुग्णालय गाठावे, कारण उपचार ऑक्सिजनचाच असतो. धुराडे नसलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत रात्रभर ठेवणे हे तर बुखारीपेक्षाही घातक. फिरनाखाली घेण्याची कांगडी उठता-बसता ऊब देण्यासाठी आहे; ती बंद गाडीत किंवा अंथरुणात नेऊ नये.

म्हणून नियम सोपा ठेवावा. निखारे दिसत आहेत तोवर झडप पूर्ण बंद करायची नाही. झोपण्याच्या खोलीची एक खिडकी दोन बोटे उघडी ठेवायची. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा इशारायंत्र-संच आता बाजारात सहज मिळतो. जुन्या बुखारीवर रंग देण्यापेक्षा तो आधी घ्यावा. स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा पंखा असेल तर बुखारी चालू असताना तो लावू नये. घट्ट बंद घरात तो हवा खेचतो आणि ती भरून निघण्यासाठी धुराड्यातला धूर उलटा खाली येतो.

मग रात्रीच्या उबेचे काय? काश्मीरमधील जुन्या घरांतील हमाम हे याचे उत्तर आहे. हमाम म्हणजे दगडी फरशीच्या खाली आग पेटवून तापवलेली खोली. तेथे आग मोठी आणि मोकळी जळते, तिची उष्णता दगडात साठते आणि विझल्यानंतरही बराच काळ फरशी उबदार राहते. उष्णता आगीत न साठवता दगडात साठवायची, हे शहाणपण पत्र्याच्या बुखारीलाही लागू करता येते. बुखारीच्या मागे आणि बाजूंना विटांची अर्धी भिंत उभारावी. ती आणि घराची भिंत यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटरची मोकळी फट ठेवावी, म्हणजे मागून हवा खेळते आणि लाकडी भिंत तापत नाही. संध्याकाळी दोन-तीन तास लखलखीत आग करावी, ती पूर्ण विझू द्यावी आणि रात्र रजईच्या भरवशावर काढावी. लाकूड त्याने कमीच लागते.

धुराड्याच्या जोडणीत एक चूक सर्रास आढळते. पाइपचे तुकडे एकात एक बसवताना वरच्या तुकड्याचे तोंड खालच्या तुकड्याच्या आत जायला हवे. पुष्कळ ठिकाणी ते बाहेरून बसवलेले असते. पावसाच्या पन्हळीचा न्याय येथेही लागू आहे: वरून ओघळणारे द्रव क्रिओसोट पाइपच्या आतच राहिले पाहिजे, सांध्यातून बाहेर येऊन भिंतीवर नव्हे. छपरातून किंवा लाकडी भिंतीतून पाइप जातो तेथे त्याभोवती पत्र्याची दुसरी रुंद नळी घालून मधे मोकळी जागा ठेवावी. धुराड्याचे तोंड तीन मीटरच्या परिघातील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा निदान ६० सेंटिमीटर उंच असावे, नाहीतर वारा धूर खाली दाबतो. बुखारीपासून गादी, पडदे, लाकडी कपाट असे काहीही ९० सेंटिमीटरच्या आत नको. थर ३ मिलिमीटर झाला की पाइप उतरवून तारेच्या ब्रशने साफ करावा. हिवाळ्यात हे काम महिन्यातून एकदा निघतेच. मोठा हिमवर्षाव झाल्यावर बुखारी पेटवण्यापूर्वी धुराड्याचे तोंड मोकळे आहे ना, घसरलेल्या बर्फाने पाइप वाकला तर नाही ना, हे बाहेरून पाहावे.

तराजूवरचे लाकूड

एवढी सारी दक्षता घेऊनही लाकूड ओले असेल तर बुखारी धुरकटच जळते. योग्य लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा. प्रयोगशाळेत आपण नमुना १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून ओलावा काढतो. घरी ओव्हनची गरज नाही, वजनकाटा पुरे. फोडलेली चार-पाच लाकडे निवडून त्यांवर खडूने खूण करावी, वजन लिहून ठेवावे आणि ती थप्पीच्या मधल्या थरात ठेवावीत. दर पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करावे. ४५ टक्के पाणी असलेले २ किलोचे लाकूड २० टक्क्यांवर येते तेव्हा त्याचे वजन १ किलो ४०० ग्रॅमच्या जरा खाली उतरलेले असते. कोरड्या हवेत लागोपाठच्या दोन-तीन मोजण्यांत वजन घटले नाही म्हणजे लाकूड तयार झाले. दोन ढलपे एकमेकांवर आपटले की ठणठणीत आवाज येणे, टोकांना केंद्रापासून निघालेल्या भेगा दिसणे या खुणा जुन्या आणि खऱ्या आहेत, पण पहिल्या हिवाळ्यात कान तयार झालेला नसतो.

लाकूड वाळते ते फोडल्याने. साल ही झाडाने पाणी धरून ठेवण्यासाठी केलेली योजना आहे. अखंड ओंडका सालीसकट दोन वर्षे पडून राहिला तरी आतून ओलाच असतो. फोडलेले लाकूड जमिनीपासून वीतभर उंच, वर छप्पर पण बाजू उघड्या, अशा थप्पीत वाऱ्याच्या वाटेवर ठेवले तर उन्हाळा आणि शरद ऋतू मिळून ते तयार होते. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळलेली थप्पी वाळत नाही, कुजते.

थप्पीतील भुंगेरे

फोडण्याच्या आणि साल काढण्याच्या या कामातच कीडनियंत्रणाचे बहुतेक काम होऊन जाते, आणि म्हणून वर सांगितलेल्या दोन सल्ल्यांतील विरोध मिटवता येतो. त्यासाठी लाकडात कोण राहते हे ओळखले पाहिजे.

काश्मीरमधील सफरचंदाच्या फांद्यांची साल सोलली की कित्येकदा आतल्या बाजूस एक उभा बोगदा आणि त्याच्या दोन्ही अंगांनी फुटलेल्या बारीक नागमोडी वाटा दिसतात. ही साल पोखरणाऱ्या ‘स्कोलायटस निटिडस’ या भुंगेऱ्याची कामगिरी. मधला बोगदा मादीचा, बाजूच्या वाटा तिच्या अळ्यांच्या. हा भुंगेरा दुर्बल झाडे आणि ताजे तोडलेले लाकूड पसंत करतो. हिवाळा तो अळीच्या अवस्थेत सालीखाली काढतो आणि हवा उबदार झाल्यावर प्रौढ होऊन बाहेर पडतो. त्याचे सगळे आयुष्य सालीच्या आतील ओलसर पापुद्र्यावर अवलंबून आहे. साल निघाली आणि लाकूड उघडे पडले की अळ्या सुकून मरतात.

दुसरा मोठा शत्रू लांब मिशांचा भुंगेरा. सफरचंद, अक्रोड, पॉप्लर, विलो अशा अनेक झाडांवर येणारा ‘ईओलेस्थेस सार्टा’ हा त्यांतला कुप्रसिद्ध. क्वेट्टा शहराच्या नावाने त्याला क्वेट्टा बोरर असेही म्हणतात. त्याची अळी सालीखालून सुरुवात करून पुढे गाभ्यात शिरते, आणि तिच्या जीवनक्रमाला दोन वर्षे लागतात. त्यामुळे नुसती साल काढून भागत नाही. अखंड ओंडक्यात ती सुरक्षित राहते आणि पुढच्या वर्षी बाहेर येते. कुऱ्हाडीने ओंडका चौफाळला तर तिचा रुंद बोगदा उघडा पडतो. जाडाभरडा, धागेदार भुसा दिसला की ही अळी समजावी. विळ्याच्या टोकाने ती काढून कोंबड्यांना टाकली तरी चालते.

टाचणीच्या टोकाएवढी गोल छिद्रे आणि त्यांच्या कडेला काळसर वलय दिसले तर तो बुरशी पाळणारा भुंगेरा. तो लाकूड खात नाही. बोगद्याच्या भिंतीवर बुरशी वाढवून तिच्यावर जगतो. बुरशीला ओलावा लागतो, म्हणून हा कीटक केवळ ओल्या लाकडात नांदतो. अशा छिद्रांतून ताजा पांढरा भुसा पडत असेल तर त्या लाकडाचे वजन करण्याचीही गरज नाही. ते बुखारीसाठी तयार नाही हे कीटकाने सांगितले आहे. याउलट पिठासारखा अगदी मऊ भुसा पडणे ही ‘लिक्टस’ वर्गातील भुंगेऱ्यांची खूण. हे वाळलेल्या लाकडातील स्टार्चवर जगतात. लाकूड कोरडे आहे ही त्यातली आनंदाची बातमी. पण रुंदपर्णी झाडांच्या बाहेरील फिकट लाकडाला त्यांची आवड असल्याने घरातील अक्रोडाच्या कोरीव सामानातील तसा भाग धोक्यात येऊ शकतो. देवदारासारख्या सूचिपर्णी लाकडाला हे शिवत नाहीत. असे लाकूड सर्वांत आधी जाळून संपवावे.

या ओळखीवरून कामाचे वेळापत्रक तयार होते. छाटणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान होते. मनगटापेक्षा जाड लाकूड त्याच आठवड्यात फोडावे, सालीखाली बोगदे दिसले तर साल काढावी, आणि सोललेली साल तेवढी बागेतून बाहेर नेऊन जाळावी. ती पातळ असल्याने चटकन वाळते. मार्चअखेर हे काम संपले पाहिजे, कारण त्यानंतर भुंगेऱ्यांचे दिवस सुरू होतात. अंगठ्याएवढ्या फांद्यांचे यंत्राने बारीक तुकडे करून आच्छादन म्हणून वापरावेत. इतक्या लहान तुकड्यांत खोडकिडा वाढू शकत नाही. लोकरी मावा किंवा सॅन होजे खवले कीड यांची चिंता थप्पीत फारशी नको, कारण फांदी सुकली की त्यांचे अन्नच संपते. थप्पी बागेपासून शक्य तितकी दूर, घराच्या उन्हाच्या बाजूस लावावी, पण भिंतीला चिकटवू नये. ‘किडलेले लगेच जाळा’ याऐवजी ‘किडलेले लगेच फोडा आणि सोला’ असे आम्ही आता सांगितले पाहिजे असे मला वाटते. कोकणात आंब्याच्या खोडकिड्याने मेलेल्या झाडाचे ओंडके बागेतच रचून ठेवण्याची जी पद्धत आहे, तिलाही हेच लागू पडते.

थप्पीतील लाकूड लांब नेऊ नये, हेही सांगायला हवे. उत्तर अमेरिकेत २००२ साली मिशिगनमध्ये आढळलेला एमरल्ड ॲश बोरर हा पाचूच्या रंगाचा भुंगेरा पुढे अनेक राज्यांत पसरला आणि त्याने कोट्यवधी ॲश वृक्ष मारले. तो स्वतःच्या पंखांनी फार दूर जात नाही. शेकोटीसाठी गाडीतून नेलेल्या सरपणाने त्याला दूरवर पोहोचवले. लडाखसारख्या ठिकाणी, जेथे विलो आणि पॉप्लर हीच मोजकी झाडे आहेत, बाहेरून सालीसकट लाकूड नेताना हे विसरून चालणार नाही.

घरात मात्र एका दिवसापुरतेच लाकूड आणावे. बुखारीच्या उबेने सुप्त अळ्या-कोषांना वसंत आला असे वाटते आणि जानेवारीच्या मध्यावर दिवाणखान्यात भुंगेरे फिरू लागतात. बाहेरून आलेले पाहुणे घाबरून कीटकनाशकाचा फवारा उचलतात. ओल्या लाकडातील हे भुंगेरे कोरड्या फर्निचरमध्ये पुन्हा शिरू शकत नाहीत, एक-दोन दिवसांत मरतात. त्यांना झाडूने गोळा करणे पुरे. सरपणावर कीटकनाशक कधीही फवारू नये. ते लाकडाबरोबर बुखारीत जाते आणि त्याचा धूर तुमच्याच घरात व अंगणात उतरतो. फवाऱ्याच्या डब्यातील वायू तर आगीजवळ पेट घेतो.

याच कारणाने रंग दिलेली दारे-खिडक्या, प्लायवूड, कीटकनाशकांचे रिकामे डबे आणि प्लास्टिक बुखारीत घालू नये. बागेत आधारासाठी किंवा गारपीट-जाळीसाठी वापरलेले जुने लाकडी खांब हिरवट छटेचे असतील तर त्यांवर तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांची प्रक्रिया झालेली असण्याचा संभव असतो. असे लाकूड वाळवी खात नाही म्हणून आपणच ते शिफारस केलेले असते. जाळल्यावर त्यातील आर्सेनिक धुरात आणि राखेत येते.

राखेबद्दल थोडे. राखेच्या पोटात निखारे दोन-तीन दिवस जिवंत राहतात. गार वाटणारी राख पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा प्लास्टिकच्या बादलीत भरून लाकडी व्हरांड्यात ठेवल्याने लागलेल्या आगी थोड्या नाहीत. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, दगडावर ठेवावी. स्वच्छ लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅश असते आणि ती आम्लधर्मी जमिनीस मानवते. विम्लधर्मी जमिनीत टाकू नये आणि युरियात मिसळू नये, नाहीतर नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. उरलेली चाळलेली, कोरडी राख बियाण्याच्या राजम्यात आणि इतर कडधान्यात मिसळून ठेवण्याची पद्धत डोंगरात आहे, आणि आपल्या आजीच्या कणगीतही ती होती. राखेचे तीक्ष्ण कण भुंगेऱ्याच्या अंगावरील मेणाचा पातळ थर खरवडतात, त्याच्या शरीरातील पाणी उडून जाते आणि तो सुकून मरतो.